उषाबाईची चाल

योगराजने पेटीच्या पट्ट्यांवर सरळ हातच ठेवला. भाता माझ्या डाव्या हातात अर्धा उघडा होता. पेटी एकदा रेकली आणि गप्प झाली.

"काका, हे गाणं नको."

मला वाटलं, पोराला घाई आहे. श्रावणातला शनिवार, संध्याकाळचे सहा वाजलेले, आणि उद्या कानबाई बसायची होती. उधन्यातल्या आमच्या चाळीच्या चौकात मांडव घातलेला, बायका सरावाला जमलेल्या. आम्हा खानदेशी माणसांचा सुरतेतला हा सगळ्यात मोठा सण. दिवाळीला कोणी गावी गेलं तर चालतं, पण कानबाईला कोणी कुठे जात नाही.

"अरे, चार कडव्यांचं तर आहे," मी म्हणालो. "दरसाल पहिलं हेच असतं."

"दरसाल होतं. आता नाही." त्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढून माझ्यापुढे धरला. "हे शुं छे, काका? तुम्हीच सांगा."

कागद मी लांबूनच ओळखला. झेरॉक्सचा, कडेला काळा पट्टा आलेला. वर छोटा क्रूस, त्याखाली 'नाताळचे गीत', आणि त्याखाली माझ्याबरोबर काम करणाऱ्या सुकलालच्या वळणदार अक्षरात एक ओळ: 'चाल : उषाबाई निंबा बोरसे यांची, कानबाईचं गाणं'.

उषा माझी बायको. ही ओळ मीच सांगून लिहून घेतली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"उषाकाकीचं नाव त्या कागदावर कसं?" योगराजने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता. "भटूमामाची पोरगी रविवारी शिकवणीहून येताना पांडेसऱ्यातल्या त्या प्रार्थनेच्या हॉलवरून येते. परवा आई हे गाणं गुणगुणत होती, तर पोरगी म्हणते, हे तर येशूवालं गाणं. देवीपुढे आता हे म्हणायचं?"

"गाणं आपलं आहे रे बाबा. त्यांनी आपल्याकडून घेतलंय."

"घेतलं म्हणजे त्यांचं झालं. आणि माहौल बघा ना काका. मागच्या नाताळात डांगात चर्चवरून काय काय झालं, पेपरात वाचलं ना तुम्ही? उद्या कोणी बोललं, उधन्याचे खानदेशी देवीपुढे ख्रिस्ती गाणी म्हणतात, तर मंडळाने काय जवाब द्यायचा?"

"मग पहिलं काय म्हणणार?"

त्याने एका सिनेमातल्या गाण्याचं नाव सांगितलं. त्या चालीवर कोणीतरी कानबाईचे शब्द बसवले होते, कॅसेटही आली होती.

"त्या सिनेमावाल्याचा धर्म विचारलास का?"

"सिनेमाचं सगळ्यांचं असतं, काका," योगराज म्हणाला, आणि दोन-चार पोरं हसली.

मी कुसुमवहिनींकडे पाहिलं. कुसुमवहिनी म्हणजे योगराजची आई, आमची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. वीस वर्षं उषाच्या मागे दुसरा आवाज त्यांचा असायचा. त्या ताटातल्या वाती सरळ करत होत्या. त्यांचे ओठ हलले नाहीत. आणि ओठ हलले असते तर मला कळलं असतं, कारण माझा धंदाच तो आहे.

मी पेटी बंद केली, खोळ घातली आणि घरी आलो.

*

धंदा म्हणजे मी जॉबर. लूमच्या खात्यात बिघडलेलं मशीन चालू करणारा माणूस. बावीस वर्षं झाली. आमच्या खात्यात अठ्ठेचाळीस मशीनं एका पत्र्याखाली धडधडतात. तिथे शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून आम्ही ओठ वाचतो. तीस हातांवरून कारागीर ओठांनी म्हणतो, धागा तुटतोय, आणि मला कळतं. आणि कळलं हे सांगायला आम्ही कानाला नाही, छातीला दोनदा बोट लावतो. नवीन माणसाला शिव्या आधी समजतात, बाकीचं महिनाभराने.

त्या आवाजाने माझा डावा कान गेला, उजवा अर्धा उरलाय. त्यामुळे मी मोठ्याने बोलतो आणि लोकांना वाटतं, निंबा भांडतोय. कधीकधी भांडतही असतो, ती गोष्ट वेगळी.

उषा ओठ वाचायला माझ्यापेक्षा लवकर शिकली. लग्नानंतर अमळनेरकडच्या एका खेड्यातून ती थेट या दहा-बाय-दहाच्या खोलीत आली. मी बारा तास खात्यात, ही बारा तास खोलीत. संध्याकाळी मी रस्त्याच्या टोकाला दिसलो की ती गॅलरीत उभी राहून नुसत्या ओठांनी सांगायची, दूध आणा. मी छातीला दोनदा बोट लावायचो आणि मागे वळायचो. चाळीतले लोक हसायचे. आमचा अर्धा संसार ओठांवरच झाला म्हणा ना.

तिने ते गाणं पहिल्याच वर्षी केलं. कानबाई दोन दिवसांसाठी येते, रविवारी बसते, सोमवारी तिला नदीवर नेतात. त्यावरच होतं.

*कानबाई माय वं, तू दोन दिननी पाहुनी,*
*तू जाशी तव्हय घर मन्हं सुनं सुनं ऱ्हाई.*

मी विचारलं, ही चाल कुठून आणलीस? गावात तर कधी ऐकली नाही.

"माले काय माहीत? तांदूळ निवडता निवडता ऊनी." आली म्हणे, एवढंच.

पेटीवर ती बसवायला मला तीन संध्याकाळी लागल्या. कारण दुसऱ्या ओळीत 'सुनं'वर तिचा एक सूर असा होता की तो दोन पट्ट्यांच्या मधेच पडायचा. मी खालची पट्टी दाबली तरी चूक, वरची दाबली तरी चूक. त्या जागी ती हनुवटी किंचित वर उचलायची आणि सूर बरोबर तिथे जाऊन बसायचा. "तुमनी पेटीमा तो सूर नई शे," असं म्हणून हसायची. मला राग यायचा. भजनी मंडळात नावाजलेला पेटीवाला मी, आणि ही तांदूळ निवडणारी बाई मला शिकवते! पण खरंच नव्हता तो माझ्या पेटीत. पुढे कुसुमवहिनींनी तो उचलला, अगदी हनुवटीसकट.

मूलबाळ आम्हाला झालं नाही. योगराज लहान असताना वहिनी कारखान्यात साड्यांचे धागे कापायला जायच्या, तेव्हा तो दिवसभर आमच्याच घरी असायचा. याच चालीवर उषा त्याला झोपवायची. तोच योगराज आता मंडळाचा अध्यक्ष झालाय.

उषा तापाने गेली त्याला आता दोन वर्षं होत आली. आठ दिवसांत सगळं आटोपलं. तिचा फोटो एकच आहे, मतदानाच्या ओळखपत्रावरचा, आणि त्यात तिने डोळे मिटलेत. तिची आठवण म्हणून माझ्याकडे काय उरलं, तर ही चाल. दुसरं काही नाही. लुगडी वाटून टाकली, भांडी तर सगळ्यांची सारखीच असतात.

*

आता त्या हॉलचं सांगतो. लोक म्हणतात, निंबा म्हातारपणी बाटायला निघाला होता. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

सुकलाल गावित आमच्या खात्यात बॉबिन भरतो. नवापूरकडचा, ख्रिस्ती. पांडेसऱ्यात एका भाड्याच्या हॉलमध्ये त्यांची चाळीस-पन्नास माणसं रविवारी जमतात. उषा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तो मला म्हणाला, "निंबाभाऊ, आमचा पेटीवाला गावाला गेला तो आलाच नाही. तुम्ही येता का? तुम्हाला काही म्हणायचं नाही. नुसतं वाजवायचं."

मी म्हणालो, "तुमच्या गाण्यांना माझी पेटी चालेल?"

"पेटी तुमची कधीपासून झाली?" तो हसला. "गोऱ्या साहेबाने आणली ती. तुम्ही विठोबापुढे वाजवता तेव्हा विठोबा काही म्हणतो का?"

खरं सांगतो, मी येशूसाठी गेलो नाही. रविवार मला खायला उठायचा. खातं बंद, आवाज बंद, खोलीत नळाचं थेंब थेंब पाणी. म्हणून गेलो. पहिल्याच दिवशी दारातल्या बाईने म्हटलं, "आलात? बसा, बसा." पाच महिन्यांत मला 'आलात' म्हणणारं ते पहिलं माणूस होतं. माझ्या गळ्यात माळ होती, तिच्याकडे कोणी बघितलंही नाही.

मला वाटलं होतं, ते काहीतरी इंग्रजी-बिंग्रजी गात असतील. कसलं काय! ढोलकी, टाळ आणि आमच्यासारखीच भजनं. वहीत प्रत्येक गाण्यावर 'चाल' म्हणून लिहिलेलं, आमच्या वहीत असतं तसंच. काही चाली तर मी लहानपणी गावच्या देवळात वाजवलेल्या. एक म्हातारे होते, त्यांचं नाव पांडुरंग. नाव पांडुरंग आणि प्रार्थना येशूची! मला आधी गंमत वाटली, मग सवय झाली.

नाताळ आला. त्यांना नवीन गाणं हवं होतं. सुकलालने खात्यात बॉबिन भरता भरता शब्द केले.

*गव्हाणीत आला गं, दूरचा पाहुणा,*
*दार माझं उघडं, नको मागं जाऊ ना.*

"चाल सुचत नाही," तो म्हणाला.

'पाहुणा' ऐकलं आणि माझी बोटं आपोआप पट्ट्यांवर गेली. मी काही ठरवलं नव्हतं. शब्द असे बसले, जणू उषाने माप घेऊनच जागा ठेवली होती.

नाताळच्या सकाळी चाळीस माणसं एका दमात ते गायली. उषा गेल्यापासून तिची चाल मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकली नव्हती. मधल्या कानबाईला, उषाचं वर्ष झालं नव्हतं म्हणून, मंडळाने मला वगळलं होतं, आणि वहिनींनी माझ्याशिवाय ते गाणं म्हटलं नव्हतं. मी भाता ओढत होतो आणि रडत होतो. त्यांना वाटलं, निंबाभाऊंना प्रभूने स्पर्श केला. मी म्हटलं, वाटू दे.

त्यानंतर सुकलाल कागद झेरॉक्स करायला निघाला, तेव्हा त्याने विचारलं, "चाल काय लिहू?"

'काही लिहू नकोस' एवढं म्हणालो असतो तर आज ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण बाईचं नाव आजवर कुठे छापून आलं नव्हतं. रेशनकार्डावरसुद्धा ते चुकीचं होतं. मी म्हणालो, "लिही, उषाबाई निंबा बोरसे यांची. आणि लिही, कानबाईचं गाणं." त्याने लिहिलं. मी तो कागद घरी आणून फळीवर ठेवला. दोन महिने रोज बघत होतो.

*

तर शनिवारी योगराजने हात ठेवला, आणि रात्रभर मी कूस बदलत राहिलो. सकाळी मनाशी म्हटलं, इथे नाही तर तिथे. कानबाईच्या दिवशी उषाची चाल कुठेतरी वाजली पाहिजे. शब्द कोणतेही असोत, तिचा नेम यंदाही चुकायला नको.

पांडेसऱ्याला चालत गेलो. हॉलमध्ये पोहोचलो तर सुकलाल दारातच उभा होता आणि त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी समजलो, काहीतरी आहे.

आत नवीन पास्टर बसले होते. किरण त्यांचं नाव. तिशीचे असतील, दोन महिन्यांपूर्वीच आलेले. माणूस वाईट नव्हता, उलट उठून त्यांनी मला खुर्ची दिली.

"निंबाभाऊ, आपण गाण्यांची नवी वही करतोय," ते म्हणाले. "त्यात सगळ्या चाली तपासल्या. ते नाताळचं गीत आपण आता घेणार नाही. तुमच्यावर राग नाही, चाल फार सुंदर आहे."

"मग?"

"ती देवीची चाल आहे."

"आठ महिने दर रविवारी म्हणत होतात की!"

"कानबाई म्हणजे कोण, ते माहीत नव्हतं. आता माहीत झालं." त्यांनी मागे बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. "पांडुरंगदादा, तुम्हीच सांगा."

पांडुरंगदादा भिंतीला टेकून बसले होते. "भाऊ, माझ्या अंगात यायचं," ते म्हणाले. "ढोल वाजला, देवीचं गाणं लागलं का मी घुमायचो. मग दारू, मग बायकोला मारायचं. एक पोरगं त्यात गेलं माझं. तेरा वर्षं झाली, सगळं सुटलं. तुमचं गाणं मला लई गोड लागायचं. पण त्या कागदावर देवीचं वाचून दाखवलं ना, तेव्हापास्नं ते गाणं लागलं का छातीत धडधडतं. मी काय करू?"

कोणी नाकाने कांदे सोलत असता तर मी त्याला सोडला नसता. पण या माणसाशी काय भांडायचं?

सुकलाल मधे पडला. "दादा, तुमचं नाव पांडुरंगच राहिलं ना? ते कोणी तपासलं नाही. मग चालीलाच का तपासायचं?"

"नाव आईने ठेवलं," म्हातारे म्हणाले.

"चालही कोणीतरी ठेवलेलीच आहे," सुकलाल म्हणाला. पण त्याचा आवाज पडला होता.

पास्टर शांतपणे म्हणाले, "शब्द बदलता येतात, निंबाभाऊ. चाल ऐकली की माणसाच्या मनात जे आधीचं असतं, तेच वर येतं. म्हणून आपल्याला बघावं लागतं, कोणतं गाणं आपलं आणि कोणतं नाही."

माझ्या मनात काय वर येतं ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की ना कानबाई येते ना येशू. एक बाई येते, मांडीवर सुपात तांदूळ घेतलेली.

मी म्हणालो, "साहेब, मग ती ओळ खोडा. उषाचंही नाव खोडा. काही लिहू नका. चाल तेवढी राहू द्या."

हे मी म्हणालो. तिचं नाव लिहा म्हणून ज्या तोंडाने सांगितलं, त्याच तोंडाने खोडा म्हणून सांगितलं. माझी मलाच लाज वाटली, पण मी हात जोडलेले होते.

"आता सगळ्यांना माहीत आहे," पास्टर म्हणाले. "खोडून काय होणार?"

सुकलाल मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. "तुम्ही येणं सोडू नका, निंबाभाऊ. बाकीची गाणी आहेत ना."

"बाकीची वाजवणारे पुष्कळ मिळतील," मी म्हणालो. ते फार मोठ्याने निघालं असावं. रस्त्यावरचे दोघं वळून बघायला लागले. सुकलालचा चेहरा उतरला. त्या बिचाऱ्याने केलेले शब्दही चालीबरोबर गेले होते, पण तेव्हा मला ते सुचलं नाही.

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. ते घेऊन मी घरी आलो.

*

चाळीत शिरलो तर प्रत्येक घरातून रोटांचा वास. घरातल्या माणसांच्या नावाने मूठ मूठ गहू घ्यायचे, त्याच पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या, त्याला आम्ही रोट म्हणतो. हे रोट घरच्यांनी आणि भाऊबंदांनीच खायचे, बाहेर कोणाला द्यायचे नाहीत. नियमच तसा आहे. एरवी कुसुमवहिनी भाजीची वाटी पाठवायच्या, पण रोट कसे पाठवणार? वीस वर्षांचा शेजार, पण आमचं कूळ वेगळं.

उषा असताना आमच्या घरी दोन माणसांचे रोट व्हायचे. ती म्हणायची, "योगराजना नावनी एक मूठ टाकू का?" आणि मग स्वतःच म्हणायची, "नको, चालत नई." तरी एकदा तिने टाकलीच. मी बघितलं होतं, बोललो नाही.

मी खिचडी लावली. गहू काढायचं धाडस झालं नाही. एकाच माणसाच्या नावाने एकच मूठ काय काढायची?

संध्याकाळी देवी बसली. नारळाला डोळे, नथ, हिरवा खण, सगळं वहिनींच्या हातचं, उत्तम. गॅलरीतून दिसत होतं. पेटीला कोणी बोलावलं नाही. कॅसेट लावली होती, दोन मोठे स्पीकर. माझ्या उरलेल्या अर्ध्या कानालाही ते नको झालं.

दिवेलागणीला वहिनी दारात आल्या. आत आल्या नाहीत, चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या.

"निंबाभाऊ, जेवनात का?"

"जेवलो."

खोटं होतं. खिचडी झाकलेली त्यांना दिसत होती.

"पोऱ्या आयकत नई," त्या म्हणाल्या. "मंडळ त्याचं, पोरं त्याची. मी काय करू? देवीना दिवसे घरमा भांडन नको."

"तुम्हाला कोण काय म्हणतंय, वहिनी?"

"तुम्ही म्हणा ना. मनातल्या मनात म्हणण्यापेक्षा तोंडावर म्हणा."

मग मी बोललो. दोन दिवसांचं साठलेलं होतं. "माझ्या पेटीत तो सूर नाही, वहिनी. तुम्हाला माहीत आहे. मी एकटा घरात बसून वाजवली तरी ती उषाची चाल होत नाही, तिच्या जवळपासची होते. तो सूर तिच्या गळ्यात होता आणि आता फक्त तुमच्या गळ्यात आहे. तुम्ही म्हटलं नाही तर तो संपला. एवढंच मला म्हणायचं होतं. मला येशूचं करायचं नाही, कानबाईचं करायचं नाही, मला एकट्याला भीती वाटते."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. खालून योगराजने हाक मारली, "आई, आरती!" त्या गेल्या.

*

सोमवारी सकाळी देवी निघाली. आधी वस्तीतून मिरवणूक, मग टेम्पोतून तापीवर. पुढे बँड, लाल कोटवाले बारा जण, त्यामागे टेम्पोवर स्पीकर, आणि दोन्हीकडून एकाच वेळी तेच सिनेमाचं गाणं, तेही अर्ध्या ओळीने मागेपुढे. पोरं नाचत होती. योगराज गुलालाने लाल झाला होता. गाणं बदलल्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं आणि का वाटावं? मांडीवर झोपवलेलं कोणाला आठवतं?

मी गेलो नाही. गॅलरीत उभा राहिलो, उषा उभी राहायची त्याच जागी, कठड्याला तिचे हात लागून रंग गेलाय तिथे. मनात म्हटलं, देवीला इथूनच नमस्कार करायचा आणि खात्यावर जायचं.

देवी डोक्यावर घेण्याचा मान यंदा कुसुमवहिनींचा होता. पाटावर कानबाई, पाट डोक्यावर, दोन्ही हात वर धरलेले. भोवती बायका. बाकीच्यांचे ओठ मी बघितले, त्या स्पीकरमधल्याच गाण्याचे शब्द म्हणत होत्या. सवयीने कळतं.

वहिनींचे ओठ वेगळे होते.

आधी वाटलं, मंत्र म्हणत असतील, नाहीतर वजनाने धाप लागली असेल. मग त्या आमच्या गॅलरीसमोर रस्त्यावर आल्या. मान हलवता येत नव्हती, डोक्यावर देवी होती. नुसते डोळे वर केले. तीस हातांचं अंतर असेल, खात्यात असतं तेवढंच. बँड कानठळ्या बसवत होता, शेजारच्या बाईलासुद्धा काही ऐकू जात नसणार.

*कानबाई माय वं.*

मी कठडा घट्ट धरला.

*तू दोन दिननी पाहुनी.*

त्या नुसते ओठ हलवत नव्हत्या. गळ्याची शीर ताठ झाली होती. त्या खरंच गात होत्या, पूर्ण आवाजात, त्या सगळ्या गोंगाटाच्या आत. योगराज चार पावलं पुढे नाचत होता, त्याला पत्ता नव्हता.

दुसरी ओळ आली. 'सुनं' आलं. आणि त्या जागी, डोक्यावरचा पाट दोन्ही हातांनी सावरत, वहिनींनी हनुवटी किंचित वर उचलली.

मी छातीला दोनदा बोट लावलं.

त्यांनी ते बघितलं की नाही, सांगता येत नाही. मागच्या बायका ढकलत होत्या, मिरवणूक वळणावर आली होती. वहिनी देवी सांभाळत पुढे गेल्या. मी आत आलो, कालची खिचडी गरम केली आणि जेवून खात्यावर गेलो.